निघाले गं

ऐंशीच्या दशकात, डोंबिवलीतल्या आमच्या शाळेत, माझ्या बाकावर एक आंधळी मुलगी बसायची. तिला वर्गात ठेवू नका असं सांगायला आलेल्या पालकांना आमच्या बाईंनी दारातूनच वाटेला लावलं होतं.

एकदा मधल्या सुट्टीत तिच्याशी बोलता बोलता एक जण गुपचूप पाणी प्यायला उठून गेली. ही आपली रिकाम्या बाकाशी बोलत राहिली, हसत राहिली. बाईंनी ते पाहिलं आणि वर्गाला नियमच घालून दिला. तिच्याजवळ आलं की 'आले गं' म्हणायचं, उठताना 'निघाले गं'. आणि तिचं 'हं' ऐकल्याशिवाय जागचं हलायचं नाही. पुढे पुढे आम्ही घरीही तसंच बोलायला लागलो.

सातवीनंतर हायस्कूलने तिला घेतलं नाही. शाळेचा निकाल खाली येईल म्हणे! काय चाटायचा होता तो निकाल? जूनमध्ये नव्या वर्गात शिरताना मी सवयीने मोठ्याने 'आले गं' म्हणाले, तर सगळा वर्ग हसला. तिच्या घरचे खोली सोडून गावी गेल्याचं खूप नंतर कानावर आलं. निघताना आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

आता घरात मी एकटीच असते. तरी बाहेर पडताना तोंडातून 'निघाले गं' जातंच, आणि मग मी कुलूप हातात घेऊन उंबऱ्याशी थांबते.

"काही विसरलात का?" शेजारीण विचारते.

विसरले काहीच नाही. 'हं' अजून आलेलं नाही.