हरभऱ्याएवढी गाठ

नात पुण्यात शिकते. परवा तिने मला तिच्या अभ्यासातलं यंत्र समजावून सांगितलं. बाईच्या छातीभोवती छोटे छोटे अँटेना लावायचे आणि मायक्रोवेव्ह लहरी सोडायच्या. आत गाठ असली तर लहरी वेगळ्या होऊन बाहेर येतात आणि त्यावरून संगणक आतलं चित्र काढतो. अजून चाचण्याच चालू आहेत म्हणे. "आजी, तुमच्या काळात काय होतं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "मी होते." तिला वाटलं, म्हातारी थट्टा करते.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी पिंपळगाव राजाला नवी सून होते. सासूबाईंच्या छातीत गाठ आली होती. सासऱ्यांना सांगायलाच त्यांना चार महिने लागले. मग आम्ही तिघं बसने बुलढाण्याला एका डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर भले होते, पण सासूबाई परपुरुषाला हात लावू देईनात. सासरे मान खाली घालून बसले. शेवटी डॉक्टरांनीच तोड काढली. पडद्यामागे सुनेने हात लावून पाहायचं आणि ते बाहेरून विचारतील त्याचं उत्तर द्यायचं. मी सातवी पास, म्हणून एवढा मान.

"केवढी आहे? हरभऱ्याएवढी, बोराएवढी, की लिंबाएवढी?"

माझ्या बोटांखाली चांगलं लिंबू होतं. टणक, ढकललं तरी जागचं न हलणारं. वरच्या कातडीला खळी पडली होती. मी तोंड उघडलं तोच सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"हरभरा सांग," त्या कुजबुजल्या. "मले नागपूरले धाडतीन, कापतीन. पोरीचं लगन होऊ दे, मंग पाहू."

मला रडू यायला लागलं. त्या घरात येऊन मला पाच महिनेही झाले नव्हते. भाजीत मीठ किती घालायचं तेसुद्धा मी त्यांना विचारून घालत होते. नाही म्हणायचं बळ कुठून आणायचं?

"हरभऱ्याएवढी," मी म्हटलं.

"हलते का?"

मनगट अजून सुटलं नव्हतं. "हलते."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वाढली तर लगेच आणा म्हणाले. परतीच्या बसमध्ये सासूबाईंनी मला खिडकीजवळ बसवलं. असा लाड त्यांनी आधी कधी केला नव्हता, आणि मला तो नको होता.

वैशाखात नणंदेचं लग्न थाटात झालं. त्यानंतर नागपूरला नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले. दिवाळी काही सासूबाईंना दिसली नाही.

सासरे पुढे वीस वर्षं जगले. गावातलं कोणी बुलढाण्याला दवाखान्यात निघालं, की जेवता जेवता ओसरीवरून सांगायचे, "त्या डॉक्टरकडे जाऊ नोका. माह्या बायकोले त्यानंच मारलं."

मी त्यांना भाकरी वाढत असे. एकदाही काही बोलले नाही.