पाच अक्षरं रिकामी

आमच्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हायकूचं खूळ शिरलं, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. तीन ओळी, पाच-सात-पाच अक्षरं, आणि विषय काहीही: मालिका, क्रिकेट, पाणीपुरी. म्हटलं, हा कसला पोरखेळ. आठवड्याभरात मीच सगळ्यांच्या पुढं.

सासूचा कट
जाहिरातीत थांबे
भात करपे

भात खरंच करपला होता.

त्याच पावसाळ्यात आमच्या ह्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. कारखान्याला ट्रॅक्टरनं ऊस घालणारा माणूस; श्रीगोंद्यात आमच्या गल्लीत ह्यांच्या तोंडाच्या पट्ट्यापुढं कुणाचा टिकाव लागत नव्हता. नगरचे डॉक्टर म्हणाले, "सहा महिने यांना बोलतं करत राहा. पुढं अवघड आहे."

मला दुसरं काय येत होतं? रोज जेवण भरवताना मी हायकूच्या दोन ओळी म्हणायचे आणि शेवटची पाच अक्षरं ह्यांच्यासाठी रिकामी ठेवायचे. हे नुसते बघायचे. पाचवा महिना सरत आला तरी 'हं'च्या पुढं काही नाही. मी लई चिडायचे. "तुमच्या वाटचं पण मीच बोलू का?" असं तोडायचे, आणि मग मोरीत जाऊन रडायचे.

एका संध्याकाळी मॅच रंगात आली आणि नेमकी लाईट गेली. दुसऱ्या दिवशी जेवताना मी तेच घेतलं.

शेवटचा बॉल
वीज गेली गावाची

ह्यांचा डावा हात वर आला. पाच बोटं दाखवली, मूठ मिटली, मग एक बोट. मला वाटलं, पाणी पाहिजे. मान हलवून परत तेच, पाच आणि एक. मी पहिली ओळ मोजली. सहा अक्षरं.

इतके महिने हा माणूस गप्प बसून मोजत होता. मी म्हटलेलं सगळं आत पोचत होतं, आणि मी मात्र भिंतीशी बोलल्यासारखी वैतागत होते. मला माझीच लाज वाटली.

"बरं, लास्टचा बॉल," मी म्हटलं. "झाली पाच?"

ह्यांनी मान डोलावली. ओठ थरथरायला लागले. घास हातात धरून मी तशीच बसले.

"जिं... क... लो... का... गं?"

एवढं मोठं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं.

आपण तीन रनांनी हरलो होतो.

"जिंकलो की हो," मी म्हटलं.