सुखदेव अर्जनवीसाची साक्ष

सौसरच्या तहसील कचेरीच्या आवारात, स्टँपवाल्याच्या डाव्या हाताला, एक बाकडं होतं आणि त्या बाकड्यावर सुखदेव गजभिये बावीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत बसत आला होता. लोक सांगायचे वऱ्हाडीत आणि तो लिहायचा हिंदीत, कारण मध्य प्रदेशच्या कचेरीला हिंदीच समजते. एखादी बाई रडत रडत सांगायची की दिरानं बांध कोरला. सुखदेवच्या कागदावर तेच दुःख ‘अतः श्रीमान से सविनय निवेदन है’ असं कोरडंठाक होऊन उतरायचं. पण त्याचा अर्ज नमुन्यात चुकला म्हणून परत आला, असं एकदाही झालं नाही. याचा त्याला गर्व होता आणि तो लपवण्याची तसदी त्यानं कधी घेतली नाही.

त्याची एक श्रद्धा होती. प्रत्येक साहेबाच्या वर एक साहेब असतो. पटवाऱ्यानं ऐकलं नाही तर तहसीलदार, त्यानं नाही ऐकलं तर कलेक्टर. वरचा साहेब सापडला की काम फत्ते. घटनेचं जाड पुस्तक त्याच्या घरी कपाटात मानानं ठेवलेलं होतं. वाचून झालं होतं अर्धंच, पण विश्वास सगळ्या पुस्तकावर होता.

जयवंता त्याच्याकडे पहिल्यांदा आली ती १९८३च्या उन्हाळ्यात. रामाकोन्याची, पन्नाशीची, संत्र्याच्या बागांत मजुरीला जाणारी बाई. तिचा एकुलता एक मुलगा विनायक इराकमध्ये पुलाच्या कामावर सळया बांधायला गेला होता. महिन्या-दोन महिन्यांनी त्याचं पत्र यायचं. तिकडे लढाई चालू होती आणि अकरा महिने झाले, पत्र बंद होतं. सुखदेवनं तिच्यातर्फे दिल्लीला परराष्ट्र खात्याला अर्ज केला. उत्तर आलं, सभ्य, शिक्क्यासकट. चौकशी सुरू आहे, खात्याची नव्यानं मांडणी होत आहे, पुढचा पत्रव्यवहार अमुक शाखेशी करावा. त्या शाखेला लिहिलं तर तिनं तितक्याच सभ्यपणे कळवलं की हा विषय आता तमुक शाखेकडे दिला आहे. दोन्ही पत्रं मांडीवर घेऊन सुखदेव गोंधळून बसला.

“पोरगं तं एकाच जागी असंन ना,” जयवंता म्हणाली. “मंग कागद काहून फिरून राहिला?”

सुखदेवनं दोन्ही पत्रांवरचे शिक्के पुन्हा निरखून पाहिले. वरचा साहेब कोण, हेच कळेना. मंत्र्याच्या वर कोण असतो?

ते त्याला दिवाळीच्या सुमारास पेपरात सापडलं. आतल्या पानावर बारीक अक्षरात एक सूचना होती. परराष्ट्र खात्याची फेररचना कशी झाली, ती नीट झाली का, हे संसदेची एक समिती तपासत आहे. नागरिकांनी आपलं म्हणणं लेखी पाठवावं, आणि ज्यांना समक्ष बोलायचं असेल त्यांनी तसं कळवावं. सुखदेवनं ती सूचना तीनदा वाचली आणि मांडीवर थाप मारली. खात्याला जाब विचारणारं कुणीतरी होतं तर!

त्यानं झकास अर्ज तयार केला. आवेदिका जयवंता, अनावेदक म्हणजे प्रतिवादी परराष्ट्र मंत्रालय. वर कोर्ट फीचं तिकीट डकवलं. शेवटी लिहिलं की आवेदिकेतर्फे अर्जनवीस समक्ष हजर राहील. कारण तहसिलीत पुकारा झाला आणि माणूस हजर नसला की प्रकरण खारीज होतं, हे त्यानं बावीस वर्षं पाहिलेलं होतं. मग तो कागद त्यानं पुंडलिकरावांना दाखवला. पुंडलिकराव म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर. गावात कुणाचं काही बरोबर असेल तर तेही तपासून देणारे. त्यांनी कपाळाला हात लावला. समिती म्हणजे कोर्ट नव्हे, ती निकाल देत नाही, हुकूम काढत नाही, ती फक्त विचारते आणि अहवाल लिहिते, असं त्यांनी समजावलं.

मग विचारून उपयोग काय, असं सुखदेवनं विचारलं. पुंडलिकरावांनी कागद पुन्हा वरपासून वाचला. बहुधा त्यांनाही ते नक्की सांगता येईना. शेवटी ते म्हणाले की निदान विषयाला धरून तरी काही लिही, एक खातं मोडून नवं मांडताना काय होतं ते लिही. म्हणून सुखदेवनं अर्जाच्या शेवटी पटवारी हलक्याचा, म्हणजे एका तलाठ्याकडच्या गावांच्या दफ्तराचा, एक परिच्छेद जोडला. नेमका त्या परिच्छेदामुळेच त्याला बोलावणं आलं. समिती दौऱ्यावर असताना नागपूरला थांबणार होती. फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, सकाळी अकरा वाजता, सरकारी विश्रामगृहात साक्ष होती. पाकिटावर नाव एकट्या सुखदेवचं होतं.

सौसरात ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. स्टँपवाल्यानं स्वतःचा कोट दिला. सुखदेव आणि जयवंता नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं नागपूरला गेले. जयवंतानं विनायकची सगळी पत्रं फडक्यात बांधून घेतली होती. वाटेत तिनं एकच गोष्ट सांगितली, पण तीनदा सांगितली. बाकी काय बोलायचं ते तुम्हाला कळतं, तिथं पोराचं नाव मात्र घ्या. सुखदेवनं तीनदा मान डोलावली.

विश्रामगृहाच्या शिपायानं तिला व्हरांड्यातच बसवलं, कारण साक्षीला एकट्यानंच यायचा हुकूम होता. सुखदेव आत गेला आणि तिथंच त्याचं गणित चुकलं. त्याला वाटलं होतं, उंच खुर्ची असेल, खाली पिंजरा असेल, एका बाजूला खातं उभं असेल. तिथं लांब टेबल होतं, त्याभोवती नऊ खासदार चहा पीत होते. खात्याचे अधिकारीही त्याच टेबलाशी बसून त्याच बशीतली बिस्किटं खात होते. वादी कोण, प्रतिवादी कोण, काही उमगेना. नमस्कार कुणाला करायचा, हेही ठरेना, म्हणून त्यानं सगळ्यांना मिळून एक मोठा नमस्कार केला.

अध्यक्ष वयस्क होते आणि बोलायला गोड. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि हलक्याची हकीगत सांगायला सांगितलं. मग सुखदेव जो सुटला तो सुटला. सौसर आणि पांढुर्ण्याच्या शिवेवरचं एक गाव, तिथला हलका मोठा झाला म्हणून दोन तुकडे केले, अर्धे कागद या पटवाऱ्याच्या दफ्तराच्या बस्त्यात, अर्धे त्या पटवाऱ्याच्या. श्रावण नावाच्या माणसाचं शेत दोन्हीकडे निघालं नाही. हा म्हणायचा तिकडे पाहा, तो म्हणायचा इकडे पाहा, आणि दोघंही खरंच बोलत होते, कुणाच्या मनात पाप नव्हतं. दीड वर्ष शेतावर संत्री लागत होती आणि कागदावर शेत नव्हतं. म्हणून, सुखदेव म्हणाला, बस्ते वाटण्याआधी सगळ्या नावांची एक यादी करावी आणि शेवटचं नाव नव्या जागी सापडेपर्यंत ती एकाच माणसाच्या हाती असावी.

खासदार लिहून घेत होते. खात्याचे एक अधिकारीसुद्धा लिहून घेत होते. अध्यक्ष शेजारच्याला म्हणाले की आठ दिवसांत इतकं सरळ कुणी बोललं नाही. सुखदेवची छाती स्टँपवाल्याच्या कोटात मावेना.

“और कुछ कहना है आपको?” अध्यक्षांनी विचारलं.

इतक्या मोठ्या माणसांचा वेळ आणखी घ्यायचा, हे सुखदेवला बरं दिसेना. “जी नहीं हुज़ूर, बस,” तो म्हणाला आणि हात जोडून उठला.

दाराबाहेर फडकं मांडीवर धरून बसलेली जयवंता दिसली, तेव्हा त्याला पोराचं नाव आठवलं. मागे वळावं, असं त्याच्या मनात आलं. पण शिपायानं दार लावलं होतं आणि पुढच्या साक्षीदाराचं नाव पुकारलं होतं.

“घेतलं ना नाव?” तिनं विचारलं.

“घेतलं,” सुखदेव म्हणाला.

परतीच्या वाटेवर ती पहिल्यांदाच मोकळी बोलली. विनायकला कढी किती आवडते, लहानपणी तो कसा सुताराच्या दारात बसून राहायचा, असलं काहीबाही. सुखदेवला एक शब्द गोड लागला नाही.

अहवाल आला ऑगस्टमध्ये, टपालानं, हिंदीतला, एकशे चौदा पानांचा. बरोबर सचिवालयाचं आभाराचं पत्र. तहसीलदारांनी स्वतः त्याच्या साक्षीचा परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला: मध्य प्रदेशातील एका साक्षीदाराने महसूल दफ्तराचे उपयुक्त उदाहरण दिले, त्यानुसार समितीची शिफारस आहे की शाखांची फेररचना करताना प्रलंबित व्यक्तींची एकत्रित यादी ठेवावी. लोकांनी सुखदेवला हार घातला. पुंडलिकरावांनीही काही चूक काढली नाही. दिल्लीनं आपलं ऐकलं की नाही, आणि ऐकलं असेल तर ते नेमकं काय, हे सुखदेवला अजून समजत नव्हतं.

दोन दिवसांनी जयवंता आली. तिनं अहवाल मागितला आणि बाकड्याच्या टोकाला बसून पहिल्या पानापासून एकेक ओळ बोटानं चाचपत निघाली. सुखदेव चकित झाला. हिला तर अक्षर येत नव्हतं. तिनं मान वर न करता सांगितलं की बाकी काही येत नाही, पण पत्राच्या खाली पोरगा जी चार अक्षरं काढतो तेवढी ती ओळखते.

सुखदेवनं दोन अर्ज लिहिले. दोन्हींत चुका झाल्या, त्याच्या जन्मात पहिल्यांदाच. दुपार कलली, कचेरीची घंटा झाली, आणि जयवंता एकसष्टाव्या पानावर होती. ती एकही ओळ सोडत नव्हती.

“जयवंताबाई, नका शोधू,” तो शेवटी म्हणाला. “मी नाव घेतलंच नाही. त्या श्रावणच्या शेताचंच लय बोललो. त्यायनं इचारलं, अजून काई सांगाचं हाये का, तं मी नाई म्हटलं.”

तिचं बोट ओळीवर तसंच थांबलं. ती रागावेल, रडेल, चार शिव्या देईल, असं त्याला वाटलं; तिनं दिल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं.

“शेतासाठी लय बोलले म्हंता तुमी,” ती म्हणाली. “त्या श्रावणचं नाव घेतलं?”

सुखदेवनं खाली बघून मान हलवली. श्रावणचं घेतलं होतं.

जयवंतानं अहवाल मिटला, तळहातानं पुसला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. मग बाकड्यावर जवळ सरकली आणि म्हणाली, “नवा कागद घ्या. हे पुस्तक धाडलं त्यायलेच लिवा. पयले पोराचं नाव लिवा, मी पायतो. बाकीचं मंग लिवा.”