ताईच्या मांजरीचं बस्तान

आमच्या घरी एक म्हातारा बोका आधीच होता आणि खरं सांगतो, तो एकटाच आम्हाला पुरून उरत होता. नोकरीतून मोकळं झाल्यावर माणसाला जरा निवांतपणा मिळतो, असं ऐकलं होतं. माझ्या वाट्याला गुडघेदुखी आली, बायकोच्या बीपीच्या गोळ्यांची आठवण ठेवणं आलं आणि या बोक्याचे नखरे आले. त्याला पोळी दुधात पूर्ण विरघळलेली लागते. मी ज्या खुर्चीत बसतो तीच त्याला हवी असते. अर्धे दात पडलेत, पण तोरा गेलेला नाही. त्याचं म्हातारपण आणि आमचं म्हातारपण कसंबसं एकमेकांच्या अंगवळणी पडलं होतं, तेवढ्यात ताईची मांजर आली.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. मेव्हणे गेल्यापासून ती बीबी गावात एकटीच राहायची. सोबतीला काय ती ही मांजर. आमच्या बोक्याच्याच वयाची, पांढरी, एका कानाला जुनी चीर. गेल्या हिवाळ्यात ताई न्हाणीत घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. जालन्याला ऑपरेशन झालं. पुण्याहून तिचा मुलगा आला आणि त्यानं जाहीर करून टाकलं की आई आता एकटी राहणार नाही. ताई काही केल्या ऐकेना. शेवटी तिनंच एक अट घातली. मांजर देऊळगावला माझ्याकडे ठेवायची, तिनं पुण्याला जायचं आणि दिवाळीपर्यंत वाट पाहायची.

"ते तुयाकडं रमली तं मी पुण्याले राहीन," ताई म्हणाली. "नाही रमली, तिनं खाणं सोडलं, तं मले बीबीले वापस आणून सोडाचं. मुक्या जिवाले मी असं मरू देनार नाही."

भाच्यानं लगेच मान डोलावली. मांजरच ती, आठ दिवसांत रुळेल, असं त्याला वाटलं. मीही हो म्हणालो. ताई त्या घरात पुन्हा एकटी राहायला लागली असती, तर सारखं बसनं बीबीला जाणारा मीच होतो. माझ्यात आता तेवढं बळ नाही. हे मी कुणाजवळ बोललो नाही, पण मनात तेच होतं.

आमच्या भागात मांजर एका घरून दुसऱ्या घरी न्यायची तर पोत्यात घालून, तोंड घट्ट बांधून नेतात. रस्ता दिसला तर मांजर माघारी जाते, असं सगळेच मानतात. मला लहानपणी हे ताईनंच शिकवलं होतं. पुण्याला जाताना त्यांची गाडी आमच्या दारात थांबली. ताईला उतरता येत नव्हतं. तिच्या मांडीवर पोतं होतं, पण त्याचं तोंड सताड उघडं होतं आणि मांजर मान बाहेर काढून काचेतून बघत बसली होती.

"अवं, बांधलं काऊन नाही?" मी विचारलं.

"घुसमटते ते," ताई म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली. तिचा जीव तुटत असेल, असं समजून मी पुढे काही विचारलं नाही.

त्यानंतर माझं आयुष्य म्हणजे दारं लावणं आणि दारं उघडणं. मांजर मागच्या खोलीत, बोका पुढच्या. दोघांच्या वाट्या वेगळ्या, रेतीची घमेली वेगळी. बोका फटीशी नाक लावून गुरगुरायचा, ती आतून फिस्कारायची. आमच्यापैकी कुणी विसराळूपणानं दार उघडं टाकलं, की असा गोंधळ व्हायचा की शेजारीण भिंतीवरून डोकावायची. बोक्याच्या नाकावर ओरखडा आला आणि त्यांना सोडवताना माझं मनगट सोलून निघालं. एवढं करून ती मांजर खात नव्हती. वाटी हुंगायची आणि कपाटाखाली जाऊन बसायची. घमेल्यातली रेती तिला मंजूर नव्हती, माळ्यावरून काढलेल्या जुन्या गाद्या तेवढ्या मंजूर होत्या. भर थंडीत त्या गाद्या गच्चीवर वाळत घालताना मी ताईला, भाच्याला आणि समस्त मार्जारकुळाला शिव्या घातल्या आहेत.

संध्याकाळी ताईचा फोन ठरलेला.

"जेवली का?"

"दोन घास."

"रडते का?"

"रडते न."

"मले वाटलंच. तिले बीबीची सवय हाय. नाही रमायची ते तुयाकडं."

हे सांगताना तिचा आवाज चांगला खणखणीत असायचा. मला राग यायचा. इकडे मी मरमर मरतोय आणि ही आधीच निकाल देऊन मोकळी. मग मीही इरेला पेटलो. मांजर रमवून दाखवीनच, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी जेवून घ्या.

पण उपाय तिनंच काढला. तिच्या माहेरी म्हशी. "आवो, म्हशीचं वगार मेलं की दुसरीचं वगार तिले लावतात न, तवा त्याच्या अंगाले मीठ चोळतात," ती म्हणाली. "म्हैस चाटत राह्यते, अन् चाटता चाटता त्याले आपलं समजते. आपण हिच्या पाठीले साय लावून पाहू. बोक्याले साय लय आवडते."

एरवी मी हसलो असतो. पण थकलेल्या माणसाला काहीही पटतं. मी मांजर धरली आणि बायकोनं कालच्या दुधाची चांगली जाड साय तिच्या पाठीवर चोपडली. बोका आला. त्यानं वास घेतला, एकदा जीभ फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली. आम्ही श्वास रोखून बघत होतो. तिसऱ्यांदा जीभ लावणार तोच तिनं वळून त्याच्या कानफटात दिली आणि साय घेऊन कपाटाखाली पसार झाली. थोड्या वेळानं कपाटाच्या दिशेनं मुंग्यांची रांग निघाली. उरलेली दुपार मी ओल्या फडक्यानं एक चवताळलेली मांजर पुसण्यात घालवली. बायको म्हणाली, म्हैस बरी.

त्यांचं जे काही जमलं, ते शेवटी उन्हानं जमवलं. मागच्या खोलीवर टिनाचं छत आहे. एप्रिल सरत आला तशी ती खोली भट्टी झाली आणि घरात कूलर एकच, तोही पुढच्या खोलीच्या खिडकीला. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागली, तेव्हा मी मधलं दार सरळ उघडून ठेवलं. लढा म्हटलं काय लढायचं ते. माझ्यात उठायचं त्राण नव्हतं. मी पलंगावर पडलो आणि डोळे मिटले. बराच वेळ आवाज नाही. खाली वाकून बघतो तर पलंगाखाली, कूलरचा झोत येतो तिथे, दोघं हातभर अंतर ठेवून पसरलेले. एकमेकांकडे पाठ. भांडायलाही अंगात जोर लागतो आणि त्या उन्हात तो आमच्या चौघांपैकी कुणातच नव्हता.

दिवसागणिक ते अंतर कमी होत गेलं. मांजर खायला लागली. रेतीचं घमेलंही तिनं पत्करलं. एका दुपारी बघतो तर तिचं डोकं बोक्याच्या पोटावर, आणि तो महाशय काही न बोलता झोपलेला. मला इतका आनंद झाला की मी संध्याकाळच्या फोनची वाट बघितली नाही. रविवार होता. मी सरळ व्हिडिओ कॉल लावला आणि गुडघ्यांची पर्वा न करता मोबाईल पलंगाखाली धरला.

तिकडे फोन भाच्याच्या हातात होता. "आई, हे बघ! कसे झोपलेत दोघं!" तो ओरडला. "मामा, कमाल केली तुम्ही. चला, आता आईच्या डोक्यावरचं ओझं उतरलं." मग त्यानं फोन ताईसमोर धरला. ताई बराच वेळ बघत राहिली. नंतर म्हणाली, "चांगलं झालं."

त्या संध्याकाळी तिचा फोन आला नाही. फोन आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, भाचा आणि सूनबाई कामावर गेल्यावर. तिचा आवाज इतका बारीक होता, की मला वाटलं रेंज नाही.

"दिवाळी तं आजून लांब होती, भाऊ," ती म्हणाली. "थोडं थांबून दाखवलं असतं."

मी पलंगावर बसलो होतो. मला सगळं तेव्हा कळलं, ते पोत्याचं उघडं तोंडसुद्धा. इतके महिने ती रोज संध्याकाळी मांजरीची काळजी करत नव्हती. ती वाट बघत होती. आणि मी घरच्या सायीपासून मनगटाच्या कातड्यापर्यंत सगळं खर्ची घालून तिची घरी जायची वाट बंद केली होती, वर शाबासकीही घेतली होती.

"ताई," मी म्हणालो, "आज त्याले फोन करून सांगतो. पुन्हा खाणं सोडलं म्हनतो."

"नको."

"काऊन? त्याले काय कळते इतक्या दूरून?"

"नको बे. त्यानं पाह्यलं न आता."

तिच्याकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, मग दुसरी. मला वाटलं, ती फोन ठेवेल. पण तिनं विचारलं, "आज काय खाल्लं तिनं?"

"दूधपोळी," मी म्हणालो.

"सगळी?"

मला खोटं बोलता आलं नाही. सगळी, मी म्हणालो.