अस्वलाचा डोळा

रंजनाबाईच्या जिभेला हाड नव्हतं, हे खापर गावच्या सगळ्या बाजाराला ठाऊक. कुणी भाव पाडून मागितला की ती त्याच्या सात पिढ्या काढायची. तरी बाया खेळणी तिच्याकडूनच घ्यायच्या, कारण कापडी अस्वल विकायच्या आधी ती त्याचा डोळा दातांत धरून ओढायची. निघाला तर अस्वल बाजूला. दोन वर्षांमागं तिच्या नातवाच्या घशात असाच एक डोळा अडकला होता. पोरगं वाचलं, बाईचा विश्वास उडाला तो उडालाच.

तिची एक खोड होती. एसटीत ओझं नको म्हणून ती खेळणी खोक्यांतून काढून दोरीला ओवायची आणि खोकी चुलीत घालायची. गेल्या बाजारी खेळण्यांची तपासणी करणारा सरकारी साहेब आला. "आयएसआयचा शिक्का कुठाय? त्याशिवाय खेळणी विकणं गुन्हा आहे." सगळा माल जप्त. "आठ दिवसांत शिक्क्याचं खोकं आणि बिल दाखवा, नाहीतर माल विसरा."

कशाला जाळली मेली खोकी, म्हणून तिनं स्वतःलाच शिव्या घातल्या. मग नंदुरबारला चुनीलालच्या दुकानात गेली. बारा वर्षं माल त्याचाच. तसलंच नवं खोकं मागून घेतलं, उलटंपालटं केलं. शिक्का नव्हताच. बाई उगाच स्वतःला कोसत होती.

चुनीलालनं गल्ल्यातून खोट्या छापील शिक्क्यांचं भेंडोळं काढून तिच्यापुढं टाकलं आणि खोक्यावर चिकटवायची खूण केली. "लाई दे. कोन देखस?"

"आनि बिल?"

"बिल नही. साहेबपुढे मन्हं नाव लिधं ते माल बंद."

तिच्या मस्तकात तिडीक गेली. शेजारी एक म्हातारी नातीसाठी अस्वल बघत होती. रंजनाबाईनं ते ओढून घेतलं, दातांनी डोळा उपटला आणि गल्ल्यावर टाकला. "हाऊ देख तुन्हा शिक्का." म्हातारी काही न घेता पायरी उतरली.

भेंडोळं आणि खोकं पिशवीत कोंबून रंजनाबाई थेट साहेबाच्या कचेरीत गेली आणि चुनीलालचं नाव सांगितलं.

साहेब म्हणाला, "बाई, मग तुमचाही माल सुटणार नाही. बिनशिक्क्याचा आहे, हे तुम्हीच लिहून देताय."

"जाळा तो. आधी त्याचं दुकान लिहा." तिनं सही ठोकली.

पुढच्या बाजारी तिच्या जागेवर दुसराच कुणी खेळणी मांडून बसला होता. ती रिकाम्या हातानं त्याच्यापुढं उभी राहिली, दोरीवरचं अस्वल काढलं आणि त्याचा डोळा दातांत धरला.