नातू मराठी बोलू लागला

ते प्रकरण आठवलं की मला अजून हसू येतं, आणि पोलिसाच्या नोकरीत अशी प्रकरणं थोडीच असतात. तेव्हा मी जबलपूरला ठाणेदार होतो. ठाण्यात ज्येष्ठांना फोनवरच्या फसवणुकीबद्दल सावध करण्याचा कार्यक्रम होता. मंडप, फलक, प्रमुख पाहुण्यांचे हार, सगळं आलं होतं. ज्येष्ठांना तेवढं बोलवायचं राहिलं होतं.

एक आजी मात्र आपणहून आल्या. त्यांचे यजमान तिथल्याच खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. त्यांनी ओव्हरटाइम करून केलेल्या पाटल्या आजींनी नातसुनेसाठी ठेवल्या होत्या. त्याच आता रुमालात बांधून आणलेल्या.

"साहेब, नातवाचा फोन आला. भोपाळले अॅक्सिडेंट झाला म्हणते. दवाखान्यात पैसे भरायचे आहेत, दोस्त घरी येऊन पाटल्या नेईल म्हणते."

"मग इकडे कशा आलात?"

"डोक्याले भारी मार बसला असेल हो! तिथल्या पोलिसांना पाहायला सांगा. तो मराठी बोलून राहिला!"

"एरवी नाही बोलत?"

"जन्मात नाही. मी मराठीत रागावते, तो 'अच्छा दादी' म्हणते."

मी नातवाचा नेहमीचा नंबर लावला. स्वारी ऑफिसात समोसा खात होती. फोन आजींकडे दिला.

"काहून रे, बरा आहेस ना?"

"हां दादी, क्या हुआ?"

आजींनी डोळे पुसले. "ठीक आहे साहेब. काही नाही झालं याले."

मग आजींनी माझ्या सांगण्यावरून त्या दुसऱ्या नातवाला होकार कळवला. आमची एक महिला हवालदार साध्या वेशात त्यांच्या घरी भाची म्हणून मटार सोलत बसली, दोन शिपाई आतल्या खोलीत. 'दोस्त' आला, पाटल्यांना हात लावला आणि पकडला गेला. त्याने साथीदाराचं नाव सांगताच त्या फोन करणाऱ्याला एका लॉजमधून उचललं.

तो काही केल्या तोंड उघडेना. दटावून झालं, समजावून झालं. शेवटी मी म्हणालो, "मराठी मात्र छान आहे तुझी." गडी फुलला.

"नागपुरात शिकलो, साहेब. नातवाने इंटरनेटवर टाकलेल्या फोटोंवरून सगळं काढलं. घर मराठी, म्हणून मुद्दाम मराठीत बोललो. मेहनत केली हो!"

कबुलीजबाबासाठी कौतुकासारखं साधन नाही. जबाब द्यायला ठाण्यात आलेल्या आजी जाता जाता त्याला म्हणाल्या, "इतकं चांगलं बोलतोस, मग असे धंदे काहून करतोस बाबा?"

ठगाने आदर्श नातू उभा केला होता. आजींना खरा माहीत होता. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो: घरचं माणूस फोनवर घाबरवून पैसे मागू लागलं, तर फोन ठेवा आणि त्याच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावा. आणि आपलं माणूस एकाएकी फारच गुणी वाटू लागलं, तर सरळ ठाण्यात या.