आत्याची नापसंती

कुणाच्या हातचं खाऊन आत्याने “छान झालंय” म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. तिची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे गप्प बसणं. एरवी ती बोलायची, आणि ते ऐकलेली यजमानीण तिला पुन्हा सहसा जेवायला बोलवायची नाही. बोरीवलीत तिची आणि माझी सोसायटी शेजारी, मध्ये एकच भिंत असल्यामुळे मला ही सवलत नव्हती. मी आमटी घेऊन गेले की ती झाकण उचलायची, नाक जवळ न्यायची आणि विचारायची, “फोडणी घातलीस, की नुसती दाखवलीस?”

मासळी बाजारात तर तिचा दराराच होता. कोलंबी उचलून ती सरळ नाकाशी धरायची. कोळीण “ताजी हाय” म्हणाली की हिचा प्रश्न, “कधी होती?” लग्नात ती आधी मठ्ठा चाखायची आणि मठ्ठ्यावरून यजमानांची किंमत ठरवायची. विमा कंपनीत नोकरी करून, लग्न न करता, एकटीने फ्लॅट घेतलेली बाई. तिला कुणाची भीड पडायचं कारणच नव्हतं. वाईट अन्नापेक्षा ते मुकाट्याने गिळून वर हसणाऱ्या माणसांचा तिला जास्त तिटकारा होता. अशांना ती “होयबा” म्हणायची. माझा नवरा समीर तिच्या मते त्यातलाच.

मागच्या वर्षी आम्ही दोघं तिला घेऊन स्पेनला गेलो. बार्सिलोनात समीरने मोबाइलवर खूप शोधून एक तापासचं रेस्टॉरंट काढलं होतं. तापास म्हणजे छोट्या छोट्या बशांतून येणारं तिथलं खाणं. टेबल मिळालं ते टॉयलेटच्या दाराशी, आणि स्टूल इतकं उंच की आत्याला दोघांनी धरून बसवावं लागलं. वेटर बशा ठेवत नव्हता, टाकत होता. टोमॅटो चोळलेला वातड पाव, लाल सॉस फासलेले गार बटाटे, चार ऑलिव्ह. आत्याने सगळ्यावर नजर फिरवली आणि म्हणाली, “हे ताटाच्या डाव्या बाजूचं झालं. जेवण कुठाय?”

मग लसणीच्या तेलातली कोलंबी आली. बशी टेबलावर टेकायच्या आत मला वास आला. शिळ्या मासळीचा, लसणीलाही न झाकता आलेला. समीरने एक तोंडात टाकली, क्षणभर थांबला आणि मान डोलवत म्हणाला, “वा, एकदम ऑथेंटिक.” मी आत्याकडे पाहिलं. आता समीरची आणि वेटरचीही वाट लागणार, अशी माझी खात्री होती. तिने एक कोलंबी खाल्ली. दुसरी खाल्ली. मग समीरला म्हणाली, “छान आहे रे.”

मी बशी तिच्यापुढून ओढून घेतली. समीर वेटरशी बोलायला गेला, तर त्या माणसाने बशीकडे न बघताच खांदे उडवले. आम्ही उठलो. असल्या जागेबद्दल आणखी शब्द खर्च करायची माझी इच्छा नाही.

बाहेर झाडाखाली एक बाक होता. समीर पाणी आणायला गेला तेव्हा मी तिला विचारलं, कोलंबीचा वास तुला आला नाही का.

“दोन वर्षं झाली,” ती म्हणाली. “मला तो मोठा ताप आला होता ना, त्यानंतर वास गेला, चव गेली. आली नाही परत.”

“आणि माझी आमटी?”

“तुझं तोंड बघून बोलायचे. बिघडली असली की दारातच ओशाळतेस तू. आज समीरचं तोंड बघितलं. म्हटलं, पोराने हौसेने आणलंय, त्याला आवडलंय, एकदा तरी चांगलं म्हणावं.” मग म्हणाली, “इतकं खोटं तोंड मी ऑफिसातही बघितलं नाही.”

कुणाला सांगितलं का नाहीस, यावर तिचं उत्तर तयार होतं. “सांगितलं असतं तर सगळ्यांनी मला काहीही खायला घातलं असतं.”

परत आल्यावर ती डॉक्टरांकडे जाऊन आली. उपयोग झाला नाही. मग आमचं असं ठरलं की जेवताना मी शेजारी बसायचं आणि पदार्थ कसा लागतो ते सांगायचं. हे काम मला वाटलं त्याहून अवघड निघालं, कारण नुसतं “बरा आहे” म्हटलं की ती घास खाली ठेवायची. आंबट कुठे लागतं, तिखट आधी की मागाहून, सगळं सांगावं लागायचं. ते ऐकत ती डोळे मिटून सावकाश चावायची.

यंदा पाडव्याला मी स्टेशनजवळच्या दुकानातून श्रीखंड नेलं. तेव्हा ती बरीच थकली होती, उशीला टेकून बसली होती. मी सांगितलं, साखर दाताखाली येतेय, जायफळ फार झालंय, आणि चक्का जुना असावा. तिने चमचा वाटीत ठेवला.

“परत कर,” ती म्हणाली. “आणि हसून नको करूस.”

मी गेले. दुकानात सणाची गर्दी होती, मालक आधी ऐकेचना. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाशी चार लोकांत भांडले आणि दुसरा डबा घेऊनच निघाले. हे श्रीखंड चांगलं होतं. चमच्याला घट्ट, वेलदोड्याचं, मागाहून हलकं आंबट. आत्याला कसं सांगायचं ते जुळवत मी जिना चढले, तर दार उघडंच होतं आणि शेजारच्या काकू तिचे डोळे मिटवून तिच्या पायांवर चादर सारखी करत होत्या.